गिटारला शेक

बरणीतलं मीठ पाझरायला लागलं की मला राग येतो. आज सकाळी कालवणात मीठ घालायला गेले तर चमच्यात पाणीच आलं. पापड तर आठ दिवसांपूर्वीच सादळले. काडेपेटीची काडी ओढावी तर गुल नुसता गळून पडतो. भिंतीला हात लावला की तळव्याला ओल लागते, तापातून उठलेल्या माणसाच्या पाठीला लागते तशी. पाटणचा आषाढ असा असतो. जेवढा बाहेर पडतो तेवढाच घरात मुरतो, आणि इथली माणसं म्हणतात, यंदा पाऊस चांगला झाला.

मी इथली नाही, आटपाडीकडची आहे. आमच्याकडं ढग दिसला तर माणसं घराबाहेर येऊन बघतात आणि तो निघून गेला की आत जातात. माझं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. माती कोरडी, हवा कोरडी, माणसांचं बोलणंही कोरडं. नवरा गेल्यावर मी लेकीपाशी आले. वनिता इथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी राहतो. येऊन सहा वर्षं झाली, तरी या ओलीशी माझं जमलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा मात्र दातात अडकलेल्या सुपारीसारखा अजून टोचतो. जिभेनं कितीही चाचपा, निघत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात वनितानं गिटार घेतली होती. विजेवरची. वापरलेली, पण परदेशी आणि भारी. किंमत ऐकून मी म्हणाले, "एवढ्यात दोन दुभत्या म्हशी दावणीला आल्या असत्या."

ती म्हणाली, "आये, म्हशी वाजवता येत न्हाईत."

वनिता तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिनं लग्न केलं नाही. मिरजेला नर्सिंग शिकताना वसतिगृहात एका मुलीकडून ती गिटार शिकली होती. तेव्हाची साधी, पोकळ पोटाची. ती मुलगी वसतिगृह सोडून गेली, तिच्याबरोबर तिची गिटारही गेली. मग नोकरी, ड्यूट्या, भावांची शिक्षणं, भावांची लग्नं. वीस वर्षं हिनं नुसती बोटं हलवली. टीव्ही बघताना डाव्या हाताची बोटं उशीवर चालायची. मला वाटायचं हिला वात आहे. मी तेल चोळून द्यायची. तिनं कधी सांगितलं नाही की हा वात नाही. या मुलीचं हेच मला पटत नाही. पोटात ठेवते.

पाचगणीतल्या एका शाळेत गाणं शिकवणारे एक सर नोकरी सोडून चालले होते, त्यांची ती गिटार. वनितानं फोनवर फोटो बघितला आणि तिला जेवण जाईना. मी म्हणाले, मीही येणार. ती म्हणाली, तुला त्यातलं काय कळतंय. मी म्हणाले, गिटारीतलं कळत नाही, विकणाऱ्यातलं कळतं.

सरांनी ती पेटीतून काढली. आतून लाल मखमलीची पेटी, नवरीच्या बस्त्यासारखी. गिटारीचा रंग पिकलेल्या लिंबासारखा, कडेला तांबूस होत गेलेला. वनिता बघतच राहिली. विकत घेणाऱ्यानं असं बघू नये, भाव तिथंच चढतो. बाजारात मेंढा आवडला तर आमचे लोक आधी दुसऱ्याच मेंढ्याचे दात बघतात. मी सरांना म्हणाले, "हिचं कधी काही मोडलंय का?"

"नाही आजी. एकदम जपून वापरली आहे."

मी ती मांडीवर घेतली आणि उलटी केली. जनावर घेताना पुढून कुणीही बघतं, मागून बघायचं असतं. मानेवरून अंगठ्याचं नख फिरवत वर नेलं. डोक्यापाशी, जिथं मान संपून खुंट्या सुरू होतात तिथं, नख एकदा अडकलं. दिसत काहीच नव्हतं. परत फिरवलं, परत तिथंच अडकलं.

"हितं मोडून जोडलीया," मी म्हणाले.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, एकदा स्टँडवरून पडली होती, पण सांधा पक्का आहे. वनिता माझ्याकडं बघत होती. भाव बराच खाली आला. खाली येताना एसटीत ती पेटी मांडीवर आडवी धरून बसली होती, आणि पसरणीच्या घाटात एका वळणावर म्हणाली, "आये, तुला लय कळतंय गं."

हे एवढं लांबण लावून सांगते आहे, कारण पुढं मला सगळ्यांनी अडाणी ठरवलं.

गिटार घरी आल्यावर तिची उठबस सुरू झाली. वाजवून झालं की मऊ फडक्यानं एकेक तार पुसायची, कारण हाताच्या घामानं तारा गंजतात. भिंतीला टेकवून ठेवायची नाही. उन्हात नाही, फॅनखाली नाही. वाजवली नाही तरी पेटी मधून मधून उघडून बघायची. वनिता दवाखान्यातून गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या घेऊन यायची, ओल शोषणाऱ्या, आणि पेटीत टाकायची. मी म्हणायची, तान्ह्या पोराचं एवढं करत नाहीत. पण ती ड्यूटीवर गेली की फडकं मीच धुवून वाळत घालायची.

तिचा आवाज मला आवडला असं मी म्हणणार नाही. वायर लावल्याशिवाय ती मुकी, आणि वायर लावली की स्पीकरच्या डब्यातून जो आवाज निघायचा तो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. पण वनिता वाजवताना ओठ दाताखाली धरायची. ही अशी ओठ धरून बसलेली मी तिला शाळेत असताना बघितली होती, पाटीवर गणित सोडवताना. मध्ये तीस वर्षं तो ओठ कुठं होता कोण जाणे.

क्वार्टरच्या आवारात दरवर्षी गणपती बसतो. त्या वर्षी कार्यक्रमात वनिताचं नाव घातलं होतं. एकटीनं स्टेजवर वाजवायचं. आयुष्यात पहिल्यांदा. दोन महिने ती एकच गाणं घासत होती. ते मलाही पाठ झालं होतं, झोपेतही चुकलं नसतं.

आणि मग आषाढ आला, आषाढामागून श्रावण आला. गिटार बिघडली. तार दाबली की झर्र झर्र करायची, डबीत माशी अडकल्यासारखी. वनिता हैराण झाली. फोनवर कुणाकुणाला विचारलं. मला म्हणाली, "सादळलीया गं आये. लाकूड फुगलंय, मान वाकलीया. हितं कुणाला येत न्हाई सरळ करायला. मिरजेला न्यावी लागंल, पण सुट्टी मिळंना."

गणपतीला दहा दिवस उरले होते.

सादळली म्हणाली ना ती? सादळलेल्या वाद्याचं काय करतात हे मला ठाऊक होतं. बिरोबाच्या देवळापुढं आमच्या लोकांचे ढोल वाजतात. हवेत दमटपणा असला की कातडं ढिलं पडतं, ढोल भद्द भद्द वाजतो. मग माणसं आग पेटवतात, ढोल तिच्यापुढं धरतात, शेक देतात. कातडं ताणलं जातं आणि पहिली थाप पडली की समोरच्या डोंगरावरची मेंढरं माना वर करतात. हे मी लहानपणापासून शंभर वेळा बघितलं होतं.

वनिता सकाळच्या ड्यूटीला गेली. मागच्या पडवीत माझी कोळशाची शेगडी असते. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून तिच्यावर बांबूची डालगी पालथी घालून मी परकर, टॉवेल वाळवते. शेगडी फुलवली. धूर जाऊ दिला, नुसता निखारा ठेवला. गिटार खुर्चीत उभी केली, पाठ भिंतीकडं, तोंड शेगडीकडं. वारा लागू नये म्हणून मागून घोंगडं लावलं. आणि बाजूला बसून शेंगा फोडत राहिले. अगदी मन लावून केलं मी ते. वाटलं, दुपारी येईल, तार छेडेल, आणि म्हणेल, तुला लय कळतंय.

आधी वास आला. नखाला लावायचा रंग जळावा तसा. बघते तर पिवळ्या रंगावर पुटकुळ्या आल्या होत्या, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या. तारांखाली दोन पेट्या असतात, चुंबकाच्या, आवाज त्यांतून वायरीत जातो. त्यांच्या फटीतून मेण ओघळून खाली आलं होतं. मी ती उचलली तेव्हा आत कुठंतरी, मानेच्या बुडाशी, कट् असं वाजलं. मेंढीचं हाड मोडताना वाजतं तसंच.

वनिता दुपारी आली. मी लपवलं नाही. गिटार कॉटवर ठेवली होती, ती बघितली तिनं. मग शेगडी बघितली, मग खुर्ची, मग घोंगडं. मी म्हणाले, "ढोलाला देत्यात तसा शेक दिला."

ती मोरीत गेली. हात धुतले. गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या. मला विचारलं, "जेवलीस का?"

इथून माझा राग सुरू होतो, तो आजवर पुरला आहे. मी सासरी एकदा कोकराला ओल्या गवतावर चरायला सोडलं, ते पोट फुगून मेलं. सासऱ्यानं साऱ्या वाड्यासमोर मला असं झाडलं होतं की दोन दिवस माझी मान वर झाली नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला परत कोकरं सांभाळायला दिली. रागावतात ते त्याच माणसावर, ज्याच्या हातात परत काही द्यायचं असतं. वनितानं विचारलं, जेवलीस का. तान्हं पोर अंगावर मुतलं तर कुणी त्याला शिव्या देतं का? धुवून टाकतं. तसं मला धुवून टाकलं.

गणपतीत वनिता खुर्चीवर माझ्या शेजारी बसली होती. स्टेजवर एक पोरगी नाचली, कंपाउंडरांनी नकला केल्या. वनितानं सगळ्यांना टाळ्या वाजवल्या. तिची डाव्या हाताची बोटं मात्र साडीच्या काठावर चालत होती, आणि ते गाणं कुठं सुरू झालं, कुठं संपलं, हे तिथं मला एकटीलाच कळत होतं.

मग हसणारे आले. शेजारची सिस्टर मला बघितलं की म्हणायची, "आजी, आज काय भाजताय? तबला की पेटी?" आणि वर म्हणायची, "अहो, त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना." बिचारी म्हणवून घेण्यापेक्षा मला थोबाडीत मारलेली चालली असती. पाहुणे आले की कुणीतरी म्हणायचं, आजी, ती गिटारीची गोष्ट सांगा. म्हणजे माझ्याच चुकीचा मीच तमाशा करायचा आणि वर चहाही मीच करायचा.

धाकटा दीर बिरू गावाकडून बघायला आला. ढोल वाजवणाऱ्यांतला तो पुढचा गडी. चौकटीत उभा राहूनच हसायला लागला. "वैनी, गिटार शेकली म्हनं तुमी! आवं, कोंबडं हाय व्हय ते?"

"ढोल शेकत न्हाई व्हय तुमी?"

"शेकतो की. पर असं ठिवून शेंगा फोडत बसत न्हाई. घडीघडीला कातड्याला गाल लावून बघायचा असतोय. गालाला सोसंना झालं की मागं घ्यायचा."

"ह्ये कवा सांगितलंस रं मला?"

तो हसायचा थांबला. म्हणाला, "तुमाला कशापायी सांगू? बायामाणसानं ढोलाला हात कुटं लावायचा असतोय?"

मी त्याला चहा दिला नाही. तसाच गेला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. म्हणजे शंभर वेळा बघितलं ते सगळं लांबून. आगीपलीकडं पुरुष, अलीकडं आम्ही, पदर सावरून. पेटवलेलं दिसलं, धरलेलं दिसलं. गाल लावलेला कधी दिसला नाही, कारण तेवढ्या जवळ कुणी जाऊच दिलं नाही. अर्धं बघू द्यायचं, अर्धं झाकायचं, आणि चुकलं की म्हणायचं, अडाणी आहे. शाळेचंही तसंच झालं. चौथी झाली आणि बापानं मेंढरांमागं लावलं. बेरीज वजाबाकी येते तेवढी पुरं, म्हणाला. जिथं म्हणून माझं अडलंय, तिथं कुणीतरी मध्येच हात धरून मागं ओढलेलं आहे.

भाद्रपद सरता सरता वनिताला सुट्टी मिळाली. मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. भिंतीला भोपळे टांगलेले, लाकडाचा आणि पॉलिशचा वास, जमिनीवर भुसा. म्हातारे मिस्त्री सतारीच्या पडद्यांना दोरा गुंडाळत बसले होते. त्यांनी पेटी उघडली आणि हातातला दोरा खाली ठेवला.

"हे कुणी केलं?"

वनिता म्हणाली, "उन्हात राहिली चुकून, गाडीत."

"उन्हानं मेण ओघळत नाही असं. कुणी केलं?"

"मी केलं," मी म्हणाले. "शेगडीपुढं ठेवली."

त्या माणसानं मला काय झाडलं! "ओ बाई, डोकं ठिकाणावर आहे का? सरसानं जोडलेली मान ही, सरस आगीनं सुटतो हे चुलीपुढं बसणाऱ्या बाईला कळू नये? पन्नास वर्षं स्वयंपाक केला असशील, मेण कशानं वितळतं माहीत नाही? आणि असलं लाकूड परत मिळतं का? झाड लावणार आहेस का तू?" दुकानातला कारागीर उठून बाहेर गेला. वनिताचा चेहरा पडला. ती म्हणाली, "जाऊ द्या हो, वय झालंय तिचं."

"वयाला काय झालं? माझं नाही झालं?" मिस्त्री म्हणाले. "बसा इथं. आता केलंच आहे तर बघा काय केलंय ते."

आणि मला समोर बसवून एकेक दाखवलं. मानेच्या बुडाशी गेलेली केसाएवढी भेग. मानेच्या आत एक लोखंडी सळी असते, किल्लीनं ती थोडी फिरवली की वाकलेली मान सरळ होते. एवढंच करायचं होतं. एवढंच! गिटार डोळ्यापुढं धरून मान कशी बघायची, बाण सरळ आहे का बघतात तशी, तेही दाखवलं. त्या पुड्यांचं विचारलं तर म्हणाले, त्या ओलीनं भरल्या की मेल्या, नुसत्या ठेवून उपयोग नाही. आतले दाणे काढायचे, तव्यावर मंद आचेवर परतायचे, पार गार झाले की कापडी पिशवीत शिवून परत पेटीत ठेवायचे. "शेकायची एवढी हौस आहे ना? मग दाणे शेका. गिटारला हात लावाल तो फडक्यानं."

परतताना सांगलीच्या स्टँडवर मी भडंग घेतलं आणि पोटभर खाल्लं. कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

दिवाळीनंतर गिटार आली. पुटकुळ्या घासून काढल्या होत्या, तिथला रंग थोडा वेगळा दिसतो. चुंबकाच्या पेट्या नव्या मेणात बुडवून बसवल्या. आवाज, वनिता म्हणते, पहिल्यासारखा नाही. थोडा जाड झालाय. वाईट नाही म्हणते. गेल्या वर्षीच्या गणपतीत तिची बदलीची ड्यूटी लागली. या वर्षी परत नाव घातलंय.

दाण्यांचं काम मी त्याच आठवड्यापासून घेतलं, कुणी दिलं नव्हतं तरी. महिन्यातून दोनदा तव्यावर परतते. पिशव्या माझ्या जुन्या परकराच्या. पेटीत ठेवायच्या आधी पिशवी गालाला लावून बघते, जराही कोमट लागली तर ठेवत नाही. तारा काढायला आणि घालायलाही मी बघून बघून शिकले. या खेपेला लांबून नाही, पार नाक टेकवून. वनिता करू देते. पण माझं झालं की गुपचूप परत एकदा सगळं तपासते. मला दिसत नाही असं तिला वाटतं.

काल तारा बदलायच्या होत्या. ती ड्यूटीवरून येईपर्यंत सहाच्या सहा मी घालून ठेवल्या. ती आली, गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळायला लागली, आणि तिसरी तार सट्कन सुटून तिच्या हनुवटीला लागली. बारीक रक्त आलं.

"आये! उलटी गुंडाळलीस की गं ही! डोळं फुटलं का तुझं? किती येळा सांगितलं, आतल्या अंगानं घालायची! येत न्हाई तर कशाला हात लावतीस?"

आवाज एवढा होता की शेजारच्या सिस्टरनं खिडकी उघडली. मग मलाही चढलं.

"एवढं तोंड हाय तुला," मी म्हणाले, "तर दोन वर्सांमागं कुटं ठिवलं होतंस? 'माझी गिटार जाळलीस' असा एक शबुद काढला न्हाईस. जेवलीस का, इचारलंस. मी काय येडी हाय, तान्ही हाय?"

तिनं हनुवटीवरचं रक्त बोटानं पुसलं. म्हणाली, "तवा तोंड उघडलं असतं आये, तर मिटलं नसतं."

"मग आता उघड."

आणि तिनं उघडलं. दोन वर्षांचं सगळं. गणपतीतली ती खुर्ची, पडवीतल्या घोंगड्याचा वास, रात्रपाळीला पेशंटच्या उशाशी बसून मला दिलेल्या शिव्या. त्या शिव्याही तिनं म्हणून दाखवल्या, चांगल्या आमच्याकडच्या होत्या, इथल्या पुळचट नाही. बाहेर पाऊस, कट्ट्यावर कालवण गार, शेजारची खिडकी उघडीच.

तिचं बोलून झालं. मग तिनं गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"सोडव ती तार," म्हणाली. "आतल्या अंगानं घाल. मी बघणार न्हाई परत."

मी चष्मा लावला.